एकाच गटात तीन जमिनी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जेजुरी आणि मोरगावच्या मधे, कऱ्हेच्या उत्तरेला वडिलोपार्जित सव्वासहा एकरांचा एक गट. वरच्या अंगाला माळ, मधे बांध घातलेली पट्टी, खाली ओढ्यापर्यंत काळी जमीन. ओढ्याला लागून पंधरा-वीस गुंठ्यांचा एक तुकडा, "पावसात चप्पल सोडत नाही आणि उन्हात फरशीसारखा कडक होतो", तिथं काहीच उगवत नाही. तुम्ही नोकरीला पुण्यात. मातीचा नमुना तपासून घेतलात, अहवाल आला: सामू (पीएच) 8.3, क्षारता 0.42, सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के, चुनखडी 11.5 टक्के. आता विचारताय की डाळिंब कुठं लावू, माळावर धरणाचा गाळ टाकू का, आणि खालचा तुकडा कशानं गेला.

आधी तो अहवाल बाजूला ठेवा. आठ-दहा ठिकाणची माती घेऊन एकत्र कालवली, असं तुम्हीच लिहिलंय. तीन माणसांचं रक्त एका बाटलीत भरून तपासायला दिलं तर जे उत्तर येईल तेच हे. 11.5 टक्के चुनखडी तुमच्या गटात कदाचित कुठंच नसेल. वर 4 असेल, खाली 18 असेल, आणि सरासरीवर झाड जगत नाही. प्रयोगशाळेनं जी माती मिळाली तिचा हिशेब बरोबर दिला, गोंधळ घमेल्यात झाला.

मृदा सर्वेक्षणाच्या कामात माझी तेहतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी कऱ्हा, नीरा आणि माण या कोरड्या खोऱ्यांत. तुमचा गट पाहिलेला नाही, पण वर्णन वाचून डोळ्यासमोर आला, कारण या खोऱ्यात डोंगराकडून नदीकडे चालत गेलं की तोच क्रम पुन्हापुन्हा भेटतो. उत्तरेला भुलेश्वरची रांग, दक्षिणेला पुरंदरची. दोन्हीकडचा दगड एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट. मग माती तीन तऱ्हांची का? उतार आणि पाणी यांनी तिची वाटणी केली म्हणून. दगड झिजतो, त्याचा मुरूम होतो. पाऊस त्यातलं बारीक तेवढं उचलून खाली नेतो, जाड तिथंच राहतं. दिसत नाही असंही बरंच काही खाली जातं: दगडातून सुटलेला चुना, मॅग्नेशियम, सोडियम. कोकणात हे सगळं धुऊन समुद्राला मिळतं. आपल्याकडे पाऊस तेवढा नाही. कऱ्हा उगमाला गराड्याच्या बाजूला असते तेव्हा पाऊस बरा असतो, जेजुरी ओलांडली की पर्जन्यछाया जाणवते, बारामतीपर्यंत वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एवढ्या पाण्यात क्षार उतारावरून सुटतात खरे, पण नदीपर्यंत पोचत नाहीत, वाटेत सखल भागात बसतात. म्हणून सासवडकडच्या काळ्या जमिनीपेक्षा मोरगावकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त भेटते. पावसाळी मुलखातून कोरड्याकडे जाताना काळ्या जमिनीत चुना साठत जातो आणि त्यापाठोपाठ सोडियम डोकं वर काढतो, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बऱ्याच अभ्यासांतून दाखवलंय. तुमच्या खालच्या तुकड्याचं मूळ तिथं आहे. त्याकडे येतो.

आता काम. तीन खड्डे घ्या, माळावर एक, मधल्या पट्टीत एक, काळ्या जमिनीत एक. चौथा त्या मेलेल्या तुकड्यात, पण तो लहान चालेल. रुंदी तीन फूट, लांबी पाच फूट, खोली कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत, नाहीतर पाच फूट. जेसीबीनं घेतलात तरी एक भिंत टिकावानं तासून साफ करा, कारण जेसीबीचा दात सगळं पुसून टाकतो. ती भिंत उन्हाकडे असू द्या. एप्रिल-मेमध्ये घ्या, भेगा पूर्ण उघडलेल्या असतात. ओल्या काळ्या जमिनीत खड्डा घेऊ नका, भिंत ढासळते. आणि उघडा टाकून पुण्याला परत जाऊ नका, कुणाचं तरी जनावर त्यात पडतं. हे पाहिलेलं सांगतोय.

खड्ड्यात उतरून खुरप्यानं भिंत वरून खाली टोकरत या. काळ्या जमिनीत वरची चार बोटं भुसभुशीत, मग ढेकळं मोठी होत जातात, मग साधारण दीड-दोन फुटांवर ढेकळाच्या अंगावर चकाकी दिसेल, तिरकी, गुळगुळीत, सुरीनं साबणाची वडी कापल्यासारखी. ही माती दरवर्षी फुगते आणि आकसते. फुगताना तिला जागा पुरत नाही, मग ढेकळं एकमेकांवर घासत सरकतात, त्याची ती खूण. चकाकी दिसली की समजा ही खरी भारी काळी, तिच्यात फुगणारी चिकणमाती निम्म्याहून जास्त असते. वरच्या भेगांमध्ये हात घालून बघा. दोन-तीन बोटं रुंद भेग गुडघाभर किंवा त्याहून खोल गेलेली सापडते. उन्हाळ्यात वरची माती त्या भेगांतून खाली पडते, पावसाळ्यात खालची वर ढकलली जाते. जुने लोक म्हणायचे, काळी जमीन स्वतःला नांगरते.

खुरपं कुठं करकर वाजू लागलं तर थांबा. तिथं चुनखडीचे खडे असतील, तुरीच्या दाण्यापासून लिंबाएवढे. हे कोणत्या खोलीला सुरू होतात ते टेपनं मोजून लिहून ठेवा. तुमच्या सगळ्या अहवालापेक्षा हा एक आकडा मोलाचा आहे. चुन्याची आणखी खात्री हवी तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब मातीवर टाका, फसफसली की चुना. दुकानातलं संडास धुण्याचं आम्ल चालतं, पण ते पाण्यात घालून पातळ करा, आम्लात पाणी ओतू नका, आणि डोळ्यांना चष्मा असू द्या. पांढरे खडे दिसत नसतानाही माती फसफसू शकते. तो बारीक चुना जास्त त्रासदायक, कारण मुळाला तोच भिडतो.

हे मी इतकं घोकतो त्याला कारण आहे. नोकरीत नवा असताना खालच्या खोऱ्यात एका बागायतदाराला द्राक्षाची जमीन म्हणून मी एक प्लॉट पास केला होता. वरचा नमुना घेतला, वीस सेंटिमीटरचा, सगळे आकडे सुरेख. तिसऱ्या वर्षी वेली पिवळ्या पडल्या, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. खोदून बघितलं तर दोन फुटांवर चुनखडीचा थरच्या थर. मुळं तिथं पोचली आणि लोहाचा रस्ता बंद झाला. त्या गृहस्थांनी मला एक शब्द वावगा बोलला नाही, फक्त म्हणाले, "सायेब, आमच्या आबांनी सांगितलं होतं, वरनं काळी हाय पर खाली पांढरं निघतंय. म्या म्हटलं सायबाचा कागद खरा." त्या दिवसापासून फळबागेसाठी मी वरच्या थराच्या नमुन्यावर सही केली नाही.

तुम्हीही तेच करा. प्रत्येक खड्ड्यातून 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे वेगळे नमुने, प्रत्येकी अर्धा किलो, वेगळ्या पिशवीत. प्लास्टिकचं घमेलं वापरा, गंजकं लोखंड लागलं तर लोहाचा आकडा फसवा येतो. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं. माळावर 60 सेंटिमीटर खोलीच सापडणार नाही, तिथं सापडेल तेवढं.

आता एकेक जमीन.

खालची काळी. हिच्याबद्दल दोन गैरसमज मोडायचेत. पहिला, काळी म्हणजे कर्बानं भरलेली. नाही. कोरडवाहू काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. रंग काळा दिसतो तो चिकणमातीला चिकटलेल्या थोड्याशाच कर्बामुळे आणि बेसाल्टमधल्या खनिजांमुळे. पालाश (पोटॅशियम) भरपूर, पण स्फुरद (फॉस्फरस) असून अडकलेलं, जस्त आणि लोह कमी. अहवालात जस्त 0.6 आणि लोह 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. लोहाची कमतरता दिसली म्हणून हिराकस (लोहाचं खत) थेट जमिनीत फेकू नका, चुनखडीत ते चार दिवसांत निकामी होतं. शेणखतात मुरवून द्या, नाहीतर पानांवर फवारा.

दुसरा गैरसमज असा की भारी जमीन सगळ्याच पिकांना भारी. हिशेब करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. तीन फूट खोल काळी जमीन पिकाला देता येण्याजोगं साधारण 150 मिलिमीटर पाणी पोटात धरते, म्हणजे एकरी सहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे साठ टँकर. वरच्या मुरमाड जमिनीत हेच 25-30 मिलिमीटर, दहा-बारा टँकर. पण काळ्या जमिनीचं हे भांडं भरायला आधी मोठी ठेव ठेवावी लागते. तिच्यातलं जवळजवळ निम्मं पाणी मातीच सोडत नाही, मुळानं कितीही ओढलं तरी. त्यामुळे जूनमधला 15 मिलिमीटरचा पाऊस माळावर मटकी उगवून देतो आणि काळ्या जमिनीत भेगेत गडप होतो, वर फक्त चिखल दिसतो. म्हणूनच आपल्याकडे हलक्या जमिनी खरिपाला पेरतात आणि भारी जमिनी पावसाळाभर कुळवून मोकळ्या ठेवतात. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाला की ज्वारी. तो आळस नव्हता. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं, संशोधक कानिटकरांनी तिथं वर्षानुवर्षं ओल मोजली, त्या आकड्यांनी शेतकऱ्याच्या या रिवाजाला आधारच दिला.

राहुरी कृषी विद्यापीठाच्या रब्बी ज्वारीच्या वाणांच्या शिफारशीही खोलीवरच बेतलेल्या आहेत: एक फुटापर्यंतच्या जमिनीला फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा किंवा यशोदा. पेरून झाल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी. तिसरी कोळपणी तणासाठी नसते, भेगा बुजवायला असते. भेग म्हणजे जमिनीला पडलेली नळी, ओल तिथून उडून जाते. पिकाला पाणी नसताना माणसं कोळपं का हाकतात हे पुण्यातल्या तुमच्या मुलांना नवल वाटेल, त्यांना ही भेग दाखवा.

या तुकड्यात डाळिंब लावू नका. येईल, पहिली तीन-चार वर्षं झाड माळावरच्यापेक्षा देखणंही दिसेल. पण डाळिंबाच्या मुळाला हवा लागते, आणि भारी जमीन परतीच्या पावसात आठवडा-आठवडा वापशावर, म्हणजे पाणी निथळून हवा खेळेल अशा ओलीवर, येत नाही. शिवाय बहार धरायला झाडाला ताण द्यावा लागतो. माळावर पाणी तोडलं की पंधरा-वीस दिवसांत पान पिवळं पडू लागतं. काळ्या जमिनीत पाणी तोडून महिना झाला तरी झाड हिरवंच, कारण खाली साठ टँकर आहेत. पुरंदरची अंजीर-सीताफळं उगाच नावारूपाला आलेली नाहीत. तिथल्या बागा पाहिल्यात तर फूट-दोन फूट मातीखाली मोकळा मुरूम, पाणी दिलं की निथळलं, अशाच जमिनीत जास्त दिसतील. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हवामानाइतकाच वाटा या उथळ मातीचा आहे असं माझं मत आहे.

म्हणजे डाळिंबाला माळ आणि मधल्या पट्टीचा वरचा भाग. आता माळाचं बघू.

माळ म्हणजे टाकाऊ, ही समजूत नांगराच्या काळातली. बैल आणि लाकडी नांगर होते तेव्हा सहा बोटं मातीवर काय होणार? पण माळाखाली काय आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते दोन प्रकारचं असतं. एक, मऊ मुरूम, टिकाव बसतो, हातात कुस्करतो, त्यात पांढरे ठिपके दिसतात. दोन, निबर काळा पाषाण, पहारीला ठिणगी. बेसाल्ट एकावर एक थरांनी ओतला गेलाय, मऊ थर झिजून उतार झाले आणि कठीण थर उघडे पडून माळ झाले. कुठं दोन थरांमध्ये तांबड्या गेरूचा पट्टा लागतो, तो लागला की पाणी खाली जाणं थांबतं. तुमच्या खड्ड्यात दोन-अडीच फुटांपर्यंत मऊ मुरूम असेल तर तुम्ही नशीबवान. फुटावर पाषाण असेल तर त्या भागात झाड लावायचा हट्ट सोडा, गवत आणि कुरण ठेवा. बारामतीजवळ माळेगावला 2009 साली स्थापन झालेली अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता, क्षार) व्यवस्थापन संस्था अशाच खडकाळ माळावर आहे. खडक फोडून, उकरून माती कशी करायची याचे प्रयोग तिथं झालेत. पहिल्यांदा डाळिंब लावायच्या आधी एक चक्कर मारून या.

मुरमात खड्डा घेतला की लोक त्यात खालून आणलेली काळी माती ठासून भरतात. झाडाला चांगलं घर द्यावं ही भावना. प्रत्यक्षात होतं असं की मुरमात कोरलेल्या खड्ड्यात चिकणमाती भरली की त्याची कुंडी होते. भोक नसलेली. पावसाळ्यात तिच्यात पाणी थांबतं, मूळ कुंडीबाहेर पडायला तयार नसतं, आणि मर रोगाला आयतं आवतण मिळतं. खड्ड्यातलाच मुरूम, शेणखत आणि पोयटा मिळून भरा, त्यात काळी माती टाकायचीच तर पाटीभर. आणि शक्य असेल तर खड्ड्यांऐवजी उताराला आडवे वरंबे करून त्यावर लावा.

गाळाचं हेच. 2017 पासून सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेनं गाळ काढणं सोपं झालं आणि जो तो डंपर सांगू लागला. गाळ चांगला आहे, मी विरोधात नाही. पण गणित करा. एकरावर चार इंच थर द्यायचा म्हणजे साधारण 145 ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एवढा वाहतुकीचा खर्च करून तो मुरमावर गोधडीसारखा पसरून ठेवला तर दोन गोष्टी होतात. वरचा बारीक थर आणि खालचा जाड मुरूम यांच्या सांध्यावर पाणी अडखळतं, वरचा थर पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय खाली उतरत नाही, मूळही सांध्यावरच पसरतं. आणि पहिल्या दोन वळवांत त्यातला निम्मा तुमच्या बांधावरून खालच्या शेजाऱ्याकडे जातो. तो तुमचे आभार मानेल. एकरी 35-40 ब्रास, म्हणजे इंचभर, आणि तो नांगरटीत मुरमाशी मिसळलेला, हे चार इंच पसरण्यापेक्षा बरं. आधी बांध, मग गाळ. आणि गाळाची क्षारता तपासा, साठवणीचं पाणी कुठून येतं त्यावर ती ठरते.

मधल्या पट्टीवर फार लिहीत नाही. फूट-दीड फूट खोल मध्यम जमीन, बाजरी-तुरीची, हुलग्या-मटकीची, कांद्याची, पाणी असेल तर वाटाण्याची. या खोऱ्यात सगळ्यांत कमी तक्रारी याच जमिनीच्या. फक्त बांध तपासा. 1972च्या दुष्काळात कामं निघाली तेव्हा समपातळी बांध सरसकट घातले गेले. मध्यम जमिनीत ते टिकले. भारी काळ्या जमिनीत तेच बांध उन्हाळ्यात तडकतात, पहिल्या पावसात भेगेतून पाणी शिरतं आणि भगदाड पडतं, किंवा बांधामागं पाणी तुंबून पीक पिवळं पडतं. तुमच्या खालच्या भागात असा फुटका जुना बांध असेल तर तो पुन्हा तसाच बांधू नका, थोडा ढाळ देऊन पाणी सांडीनं ओढ्यात काढा.

आता मेलेला तुकडा. तुम्ही लिहिलंय की तिथं "पांढरं मीठ" दिसतं. पांढरं दिसलं की मीठच असं नसतं, या खोऱ्यात चार तऱ्हेचं पांढरं भेटतं. चुनखडी फसफसते, जिभेला चव नाही, पाऊस आला तरी जागेवर राहते. मीठ पावसात विरघळून नाहीसं होतं आणि उन्हात परत फुटतं, जिभेला कळतं. तिसरी पांढरी, जुन्या गावठाणाची राखट माती, तिच्यात खापराचे तुकडे आणि हाडकं सापडतात. आपण गावाला पांढरी आणि शिवाराला काळी म्हणतो ते यावरूनच. ती माती खतासारखी शेतात न्यायची पद्धत होती, आणि त्या नादात कितीतरी प्राचीन टेकाडं खणून गेली. चौथी तऱ्हा दुर्मिळ: मोरगावला कऱ्हेच्या काठच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, पिठासारखा. तो सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा मानतात, कोणत्या उद्रेकाचा याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. आपल्या डोंगरांशी त्या राखेचं काही नातं नाही, हजारो मैलांवरून आली आणि आपल्या ओढ्यांनी गोळा करून ठेवली. काठाकाठानं हिंडताना लक्ष असू द्या, पण खणू नका.

तुमच्या तुकड्याचं वर्णन मात्र सरळ चोपणाकडे, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीकडे, बोट दाखवतं. घरी करून बघण्याजोगी एक परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, विहिरीचं नको. तुकड्यातलं वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका. शेजारी दुसऱ्या ग्लासात वरच्या चांगल्या काळ्या जमिनीचं ढेकूळ. दोन्ही फुटतील. चांगलं ढेकूळ फुटून तळाशी कणांचा ढीग होईल आणि पाणी नितळ राहील. चोपणाच्या ढेकळाभोवती तासा-दोन तासांत ताकासारखं गढूळ वलय उठेल आणि ते खाली बसणार नाही. सोडियम मातीचे कण एकमेकांपासून तोडतो, तुटलेले कण सगळी छिद्रं बुजवतात, मग पाणी आत जात नाही आणि हवाही नाही. कुठं पृष्ठभागावर तेलकट काळपट पापुद्रा दिसला तर तोही चोपणाचाच.

प्रयोगशाळेत या तुकड्यासाठी विनिमययोग्य सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं, प्रमाण मागून घ्या. पुस्तकात सामू 8.5च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण म्हणतात. आपल्या फुगणाऱ्या काळ्या जमिनीत त्याच्या निम्म्यावरच त्रास सुरू होतो, म्हणून 9-10 टक्के आलं आणि कुणी "मर्यादेत आहे" म्हणालं तर ऐकू नका. क्षारता 4च्या वर असेल तर ती खारवट, दोन्ही असेल तर दोन्ही.

पण जिप्समच्या गोण्या आणायच्या आधी शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि एकच विचारा: वरच्या अंगाला शेततळं किंवा कायमचं बागायत कधी झालं? वर माळावर पाणी आलं की ते मुरमातून सरसर उतरतं, उताराच्या तळाशी चिकणमातीला अडतं आणि वर येतं, येताना क्षार घेऊन. वरच्यानं ऊस लावला आणि खालच्याला मीठ फुटलं, ही गोष्ट नीरा खोऱ्यात फार जुनी आहे. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, आणि 1910 मध्येच कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी तिथल्या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास मांडला होता. पंचवीस वर्षांत. तुमच्या परिसरात पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी येत असेल तर ते मुळा-मुठेतून उचललेलं आहे, त्यात पुणे शहराचं सांडपाणी आहे. वापरू नका असं म्हणायची सोय नाही, दुष्काळात ते अमृत आहे, पण दरवर्षी उन्हाळ्यात पाण्याची क्षारता आणि सोडियम तपासून घ्या, आणि काळ्या जमिनीला ते पाटानं देऊ नका.

उपाय क्रमानं. पहिला चर: तुकड्याच्या वरच्या कडेला आडवा, तीन-चार फूट खोल, ओढ्यात सोडलेला. ओढ्याचा तळ चरापेक्षा खाली आहे ना ते आधी बघा, नाहीतर चर नाही, तळं होईल. चर झाल्यावर जिप्सम, मात्रा प्रयोगशाळा काढून देते, पावसाआधी वरच्या अर्ध्या फुटात मिसळायचं. चुनखडी भरपूर निघाली तर गंधकही चालतं, फक्त ते जिवाणूंमार्फत हळू काम करतं. मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून दीड महिन्यानं गाडा. दोन-तीन पावसाळे धरून चला. चर न काढता जिप्सम टाकणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना साबण घालत राहणं, त्यात पैसे घालू नका. पंधरा गुंठ्यांसाठी एवढं परवडत नसेल तर तिथं पॅरा गवत लावून जनावरांना घाला, त्यातही काही वाईट नाही.

एक काम आत्ताच करता येईल. त्या तुकड्यात पाच फूट खोल एक बोअर हातानं मारून त्यात भोकं पाडलेला पाइप उभा करा. दर पंधरा दिवसांनी काठी घालून पाणी किती खोलीवर आहे ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा, किंवा शेजारच्या पोराला लिहायला सांगा. पाणी पावसाळ्यानंतरही तीन फुटांच्या आत राहत असेल तर चराशिवाय गत्यंतर नाही. दिवाळीनंतर उतरत असेल तर अर्ध्या खर्चात भागेल. मे महिन्यात खड्डे घेतलेत की भिंतीचे फोटो आणि ही वही पाठवा. फोटोत टेप उभा धरा, आणि भिंत आधी पाण्यानं किंचित शिंपडा, रंग खरा येतो.